यादी नऊ पदार्थांची, ॲलर्जी नेमकी कितींची?

एका आईने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगा साडेचार वर्षांचा. अकराव्या महिन्यात पहिल्यांदा दुधाची पावडर दिली, तर दहा मिनिटांत अंगभर गांधी, उलटी आणि छातीत घरघर. तिसऱ्या वर्षी शेंगदाणे घातलेलं अर्धं बिस्किट खाल्लं आणि मूल थेट अतिदक्षता विभागात. घाबरलेल्या आईबापांनी मग रक्ताची एक मोठी तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये दूध आणि शेंगदाणे तर होतेच, शिवाय अंडं, गहू, सोया, तीळ, काजू, मासे आणि केळं यांच्यापुढेही ‘पॉझिटिव्ह’. त्या दिवसापासून हे नऊही पदार्थ घरातून बंद. आता दीड वर्ष झालं. मूल सहा-सात गोष्टी खातं, आठ महिन्यांत वजन हललेलं नाही आणि पुढच्या महिन्यात शाळा सुरू होतेय. सासूबाई म्हणतात थोडं थोडं देत गेलं की सवय होते, नवरा म्हणतो बाहेर पाठवायलाच नको. आई विचारते, याला खायला घालू तरी काय?

ताई, मी मुलांची आहारतज्ज्ञ आहे. गेली 22 वर्षं ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसते. पाककृती मागायला आलेल्या आईला मी पाककृती शेवटी देते, आधी यादी मागते. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, ‘अंडं आणि गहू तो रिपोर्ट येईपर्यंत मजेत खायचा.’ माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. ‘काय घालू’ हे नंतर बघू. या नऊपैकी किती पदार्थ खरोखर बंद असायला हवेत, ते आधी ठरलं पाहिजे.

रक्ताची किंवा त्वचेवर टोचून करायची तपासणी एवढंच सांगते की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केलीत. त्याला संवेदन म्हणतात. संवेदन आहे म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणारच, असं नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांत सोया पुष्कळदा पॉझिटिव्ह येतो, कारण दोन्ही एकाच शेंगवर्गातले आणि त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी; प्रत्यक्षात त्यातली बहुतेक मुलं सोया आरामात पचवतात. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असली की गहू पॉझिटिव्ह दिसतो, तेही तसंच. आणखी एक, आकडा मोठा म्हणजे झटका मोठा असंही नसतं. आकड्यावरून त्रास होण्याची शक्यता किती ते कळतं, तो किती जोराचा असेल ते कळत नाही. (रिपोर्टवर आयजीईऐवजी आयजीजी लिहिलं असेल तर तो कागद सरळ बाजूला ठेवा. आयजीजी हे बहुतेक वेळा तो पदार्थ आपण खात आलोय एवढंच दाखवतं.)

म्हणून मी पालकांना कोरा कागद देते आणि प्रत्येक पदार्थापुढे लिहायला सांगते: खाल्लं का कधी? किती? कच्चं की शिजवलेलं? किती मिनिटांत काय झालं? दुसऱ्यांदा खाल्लं तेव्हा? आयजीईची ॲलर्जी सहसा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. परवा खाल्लेल्या केळ्यामुळे आज नाक गळतंय, हे त्यात बसत नाही. तुमच्या पत्रावरून मी तुमचा कागद असा भरीन. दूध आणि शेंगदाणे: पक्के, चर्चाच नको. काजू: कधी खाल्लेच नाहीत, म्हणून तपासणी होईपर्यंत बंद, आणि काजूबरोबर पिस्तेही, कारण त्या दोघांचं प्रथिन फार जवळचं. अंडं आणि गहू: पूर्वी खात होता, म्हणून शंका घ्यायला भरपूर जागा. तीळ, मासे, सोया, केळं: त्याने यापूर्वी काय खाल्लंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी इथून काही म्हणू शकत नाही.

आता कृपा करून इथे थांबा. हे वाचून उद्या सकाळी घरी अंडं देऊन बघू नका. पूर्वी पचत होतं तरी आता दीड वर्ष बंद आहे, आणि त्या दीड वर्षात गणित बदललेलं असू शकतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अंगभर इसब असलेली एक लहान मुलगी यायची. दूध रोज प्यायची, कधी तक्रार नाही. इसबासाठी तपासणी झाली, दूध पॉझिटिव्ह आलं आणि मी दूध बंद करायचा तक्ता मोठ्या उत्साहाने करून दिला. इसब फार काही कमी झालं नाही. वर्षभराने कुणाच्या तरी घरी तिने चुकून दोन घोट दूध घेतलं आणि ओठ, डोळे सुजून तिला रुग्णालयात न्यावं लागलं. जी मुलगी पूर्वी पेलाभर प्यायची, तिला दोन घोट भारी पडले. आतड्याला एखाद्या पदार्थाची रोज ओळख राहिली की शरीर तो सहन करायला शिकतं, आणि ती ओळख तुटली, वर इसबाच्या फाटक्या कातडीतून तोच पदार्थ आत शिरत राहिला, की उलट शिकवण मिळते, अशी आजची समजूत आहे. तेव्हा मला ती नव्हती. तेव्हापासून एकही पदार्थ ‘काढून तर बघू’ म्हणून मी काढत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडून गेलीय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सल्ला दिला होता की जोखमीच्या बाळांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणे देऊ नका. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. 2015 मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने 4 ते 11 महिन्यांच्या 640 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बाळांना जोराचं इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत 17.2 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. तुमच्या मुलाच्या शेंगदाण्याला याचा उपयोग नाही, ती वेळ गेली. पण घरात दुसरं बाळ येणार असेल तर धाकट्याला काय आणि कधी द्यायचं, हे आधीच डॉक्टरांशी बोला. थोरल्याच्या भीतीपोटी धाकट्याचं खाणं लांबवत नेणारी घरं मी फार पाहिली आहेत.

मग शंकेतले पदार्थ परत कसे आणायचे? रुग्णालयात, ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर, मोजून. याला खाद्य-चाचणी म्हणतात. अगदी चिमूटभरापासून सुरुवात होते, दर 20-30 मिनिटांनी मात्रा वाढते, पूर्ण वाटा पोटात गेला की काही तास लक्ष ठेवतात. मूल खेळत असतं आणि आई पहिल्या चमच्यापासून श्वास धरून बसलेली असते. अंड्याच्या बाबतीत बहुधा आधी पिठात मिसळून पूर्ण भाजलेलं अंडं देतात, कारण जास्त उष्णतेने त्यातली काही प्रथिनं बदलतात आणि अंड्याची ॲलर्जी असलेली बरीच मुलं असं अंडं सहन करतात. दुधाचंही तसं असतं, पण तुमच्या मुलाचा पहिला अनुभव बघता त्याला कधी हात लावायचा ते डॉक्टर ठरवतील. चाचणी पार पडली की तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा ताटात आलाच पाहिजे. चाचणी जिंकून घरी येऊन भीतीने पुन्हा बंद करणं हा सगळ्यात वाया जाणारा प्रकार.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणं हा आज खरोखरचा उपचार आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2020 मध्ये 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याची मोजून भरलेली पूड याच कामाला मंजूर केली. फरक असा, की ती सुरुवात मिलिग्रॅममध्ये होते, प्रत्येक वाढ डॉक्टरांसमोर दिली जाते, ताप असेल किंवा मूल नुकतंच धावून आलं असेल तर तेव्हा मात्रा देत नाहीत, आणि तरीही काहींना त्रास होतो. स्वयंपाकघरातल्या ‘एवढ्याशाने काय होतंय’मध्ये शेकडो मिलिग्रॅम असतात. सासूबाईंना हे असंच सांगा, की तुमची कल्पना बरोबर आहे, पण ती जागा घर नव्हे. वाद निम्मा तिथेच मिटतो, निदान माझ्या खोलीत तरी.

आता वजनाकडे येते, कारण त्याला चाचण्यांची वाट बघायला वेळ नाही. या वयात मूल वर्षाला साधारण 2 किलो वाढतं. आठ महिने काटा जागचा हलला नसेल तर ते दुखणंच समजा, आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून उंची, वजन, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व बघून घ्या.

दूध गेलं की ताटातून काय जातं, ते आकड्यांत बघू. 400 मिली दुधात सुमारे 13 ग्रॅम प्रथिनं, 480 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अडीचशेच्या वर उष्मांक असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची गरज 15 ते 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन पेले दूध हा या वयाच्या मुलाच्या आहाराचा कणाच असतो. त्या जागी तांदळाचं किंवा बदामाचं ‘दूध’ ओतलं तर रंग पांढरा राहतो आणि प्रथिनं जवळजवळ शून्य होतात. सोयाच्या दुधात ती गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, म्हणून सोयाची चाचणी मी यादीत सगळ्यात वर लावीन. सोया सुटला तर अर्धी लढाई जिंकली. नाही सुटला तर अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांपासून, बनवलेली खास पावडर असते. ती महाग असते आणि चव भयंकर, पण काही मुलांना तीच तारते. कॅल्शियम मिसळलेलं कुठलंही पेय वापरत असाल तर बाटली खरोखर जोरात हलवा. ते तळाशी बसतं आणि शेवटचा पेला सोडून बाकी सगळे कोरडे जातात. बकरीचं दूध चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. नाही चालणार, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना तेही बाधतं. लॅक्टोज काढलेलं दूधही नाही, त्यात प्रथिन तसंच असतं.

चाचण्या होईपर्यंतचा माझा सर्वात स्वस्त आणि कंटाळवाणा उपाय म्हणजे तेल. त्याला चालणारं एक चमचा तेल, 5 मिली, म्हणजे 40-45 उष्मांक. तो खातो त्या प्रत्येक शिजवलेल्या पदार्थात एकेक चमचा मिसळला की दिवसाला सव्वाशे-दीडशे उष्मांक सहज वाढतात, आणि खायचा घास तेवढाच राहतो. छोटं पोट भरून टाकणारं पाणी, रस आणि पातळ सूप जेवणाआधी देऊ नका. डाळी चालत असतील तर त्या दिवसातून दोनदा.

आणि त्याला बळजबरी नको. ज्या मुलाने खाण्यामुळे श्वास कोंडल्याचा अनुभव घेतलाय, त्याचं ‘नको’ हे हट्टाचं नसतं. माझ्याकडे पाच वर्षांची एक मुलगी यायची. ताटातला प्रत्येक तुकडा उचलून नाकाशी धरायची आणि मला विचारायची, “हा माझ्यावर रागावेल का?” तिला मी तीन महिने नवं काहीच खायला लावलं नाही. फक्त नवा पदार्थ वेगळ्या बशीत तिच्यासमोर असायचा. हात लावायचा तर लाव, वास घ्यायचा तर घे. पहिल्यांदा चाटलं ते नासपतीची फोड, तेही मी फोनवर बोलत असताना, माझं लक्ष नाही असं वाटून.

घरात शेंगदाणे आणि दूध ठेवायचं की नाही, हे घरावर अवलंबून आहे. लहान भावंड दूध पीत असेल तर पूर्ण बंदी टिकत नाही, आणि न टिकणारी बंदी धोक्याची, कारण सगळे गाफील राहतात. मी म्हणते शेंगदाणे बाहेर, दूध ठरल्या जागी, ठरल्या भांड्यांत. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील भांड्यांच्या बाबतीत काटेकोर होते. स्वतःची शेंगदाण्याच्या लोण्याची सुरी वेगळी, पाट वेगळा. एका सकाळी तीच सुरी त्यांनी मुलाच्या जॅमच्या बाटलीत घातली. सुरी पुसून घेतली होती, पण धुतलेली नव्हती. त्रास दोन दिवसांनी, मुलाने तो जॅम खाल्ल्यावर झाला, आणि जॅमवर संशय यायला अजून एक दिवस गेला. म्हणून त्याच्या बाटल्या त्याच्याच, लाल पट्टी लावलेल्या. हात साबण-पाण्याने धुवायचे; हात निर्जंतुक करायच्या जेलने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन तिथेच राहतं. शेंगदाणे खाऊन आलेल्या पाहुण्याने मुलाचा मुका घेऊ नये, लाळेत ते काही काळ टिकतं. मात्र नुसत्या वासाला घाबरू नका. दूरवर कुणी शेंगदाण्याचं लोणी खातंय म्हणून झटका येत नाही. उकळत्या दुधाच्या किंवा शिजणाऱ्या माशांच्या वाफेने मात्र काही मुलांना त्रास होतो, त्यामुळे दूध तापताना त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

पाकिटावरची अक्षरं प्रत्येक खरेदीला वाचायची, गेल्या महिन्यात वाचली असली तरी. केसिन, केसिनेट, व्हे ही दुधाचीच नावं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या पावडरीतही केसिनेट सापडतं. नियम देशागणिक वेगळे आहेत: युरोपात 14 ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात, अमेरिकेत नऊ घटक नावानिशी लिहावे लागतात, तेही तीळ 1 जानेवारी 2023 पासून धरले तर. ‘अंश असू शकतात’ ही ओळ तर बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे अंश नाहीत, असं समजू नका.

शाळेत पाठवा. नवऱ्याची भीती मला समजते, पण घरात कोंडलेलं मूल काळजी घ्यायला शिकत नाही. शाळेला लांबलचक पत्र देऊ नका, कुणी वाचत नाही. एक पान द्या. वर मुलाचा फोटो, खाली दोन पदार्थांची नावं मोठ्या अक्षरात, त्याखाली काय दिसलं तर काय करायचं. शंकेतली सगळी यादी तिथे छापली तर खऱ्या दोन नावांचं वजन कमी होतं. नियम तीनच: डब्याची देवाणघेवाण नाही, खाण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे, वाढदिवसाला त्याच्यासाठी तुमच्याकडचा खाऊ वर्गात आधीच ठेवलेला. त्याला वेगळ्या बाकावर एकटं बसवू देऊ नका.

झटक्याचं लेखी पत्रक आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या, ते माझं काम नाही. पण शिक्षकांना मी हे स्वतः सांगते, कारण चूक नेहमी इथेच होते. आवाज बसला, खोकला थांबेना, धाप लागली, मूल एकदम मलूल झालं किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या झाल्या, तर पहिलं औषध ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरून. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने खाज जाते, श्वासनलिका उघडत नाही. काही वेळा अंगावर एकही गांधी उठत नाही, त्यामुळे अंग साफ आहे म्हणून थांबायचं नाही. आडवं झोपवायचं, धाप असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं तर नाहीच. लगेच रुग्णवाहिका बोलवायची. 5 ते 15 मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरी मात्रा, म्हणून या इंजेक्शनची तयार पेनं कायम दोन, आणि कुलूपबंद कपाटात नव्हे. तयार पेन मिळत नसतील तिथे डॉक्टर सिरिंज भरायला शिकवतात. ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने शिकायचं. मुलाला दमा असेल तर तो आटोक्यात असणं हीदेखील याच तयारीतली गोष्ट आहे. अनियंत्रित दम्यात झटका जास्त धोकादायक होतो.

मुलालाही त्याची वाक्यं द्या. लहान मुलं ‘ॲलर्जी’ म्हणत नाहीत. ‘जिभेला काटे येतायत’, ‘घशात काहीतरी अडकलंय’, ‘तोंड गरम झालं’, असं म्हणतात. शिक्षकांना हे शब्द लिहून द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, हे कधी संपेल का. दूध आणि अंड्याच्या ॲलर्जीतून बहुतेक मुलं शाळेच्या वयात कधीतरी बाहेर पडतात, काहींना किशोरवय गाठावं लागतं. शेंगदाण्यातून साधारण पाचातलं एक. जे बाहेर पडत नाहीत त्यांच्यासाठी सवयीचा उपचार आहे, आणि फेब्रुवारी 2024 पासून अमेरिकेत एक वर्षावरच्या मुलांना ओमालिझुमॅब हे इंजेक्शन मंजूर आहे. ते घेऊन मूल शेंगदाणे खाऊ लागत नाही. चुकून पोटात गेलं तर येणारा झटका सौम्य व्हावा यासाठी ते आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो नऊ ओळींचा कागद भरून न्या, आणि उठण्याआधी सोया आणि अंड्याच्या चाचणीची तारीख घेऊन या. तारीख न घेता परतलेल्या घरांत यादी वर्षानुवर्षं तशीच चिकटलेली मी बघितलीय, आणि मूल मोठं झाल्यावर ती का केली होती, हेही कुणाला आठवत नसतं.